कोरड्यावर दाब

बाबा, तुमच्या नातीच्या मनगटाचं हाड चिरलंय आणि ते मी चिरलंय. आधीच सांगून टाकते, कारण लांबण लावलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत तुमचा हात यायचा. आता वीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तेव्हा निदान एवढ्यापुरती मी निर्धास्त आहे.

अमरावतीच्या माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या जागी, हल्ली कॉफीचं एक मशीन बसलंय. पोरीने नोकरी लागल्यावर हौसेने घेतलं आणि पुण्याच्या खोलीत जागा नाही म्हणून इथे आणून ठेवलं. त्याला तुमच्या जिनिंगातल्या प्रेसला होती तशीच दाब दाखवणारी तबकडी आहे, थरथरणारा काटा आहे आणि दाब कमीजास्त करायला लाकडी मुठीची कळ आहे. पहिल्याच दिवशी मी ती कळ पुरती उघडली. काटा उडी मारून नऊवर गेला आणि गाळणीखालून गरम कॉफीची पिचकारी थेट माझ्या गाऊनवर. पोरगी खो खो हसली. "आई, कोरड्या पुडीवर एकदम जोर नको देऊ. पूड फाटते, आन् सारं पाणी त्याच भेगेतून पळते. आधी तीनवर धर, दहा सेकंद. भिजू दे तिले. मंग नऊवर ने, आन् शेवटी हळूहळू सहावर आण." हे सगळं मी नऊ वर्षांची असताना ऐकलं होतं. अकोल्याच्या जिनिंगमध्ये, तुमच्या तोंडून.

त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले होते. रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवर तुम्ही मिस्त्री. पेटीत रुई पडली की तुम्ही तिच्यावर ओंजळीने पाणी शिंपडता आणि थांबता. बाकीचे घाई करतात, तुम्ही मात्र रुईत हात खुपसून ओल बघत राहता. "पाह्य पोरी," तुम्ही म्हणता, "वल आल्याबिगर दाब द्याचा नाई. कोरड्यावर दाब देल्ला का पट्टी तुटते, आन् तुटली का माणूस कापते." तुमचा ओला तळवा माझ्या डोक्यावर असतो आणि मला वाटतं, अख्ख्या अकोल्यात असा बाप कुणाला नाही. मग तुम्ही जेवायला बसलात आणि तेवढ्यात दुसऱ्या एकाने कोरडीच रुई दाबली. गाठीची लोखंडी पट्टी तुटून सणकन आली आणि त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. आतल्या दाढा दिसत होत्या. तुम्ही भाकर टाकून धावलात, आपला रुमाल त्याच्या गालात कोंबलात आणि गाडी येईपर्यंत त्याला धरून आईबहिणीवरून शिव्या देत बसलात. रडत होतात तुम्ही तेव्हा. ते मी पाहिलंय.

संध्याकाळी तसाच रक्ताने कडक झालेला सदरा घालून तुम्ही मला घेऊन घरी आलात. आई पीठ मळत होती. तिने एवढंच विचारलं, "रगत कोनाचं हाये?" घाबरून तिने पुन्हा विचारलं. तुम्ही तिचा पिठाचा हात धरलात, मागे नेलात आणि पिळलात, आणि ज्वारीचा वाळका धांडा मोडावा तसा आवाज आला. ती ओरडली म्हणून केस धरून तिचं डोकं भिंतीवर दोनदा आपटलंत. तिने दुसरा हात टेकला तिथे पिठाचा पंजा उमटला. मी रिकामा डबा छातीशी धरून दारात उभी होते. रुईला तुम्ही ओल देत होता, बाबा. बायकोला थेंबभरही नाही. दवाखान्यात आई म्हणाली, "अंगनात पडली मी," आणि तुम्ही शेजारी उभं राहून मान डोलावलीत.

पुढे तेच खरं ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणायचं, तर आईची ती मूठ नीट मिटतही नव्हती. तुमची नात पाटीवर अक्षरं गिरवायला लागेपर्यंत तुम्ही होतात, तिला खांद्यावर घेऊन फिरलात, तिच्यावर कधी आवाजही चढवला नाहीत. तिच्यासाठी तुम्ही लाडाचे आबा. मीही ते चित्र मोडलं नाही. तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मारकुट्याची लेक म्हणवून घ्यायची मला लाज वाटत होती.

परवा पोरगी आजीला भेटून अकोल्याहून आली. शेजारच्या काकूंनी तिला काही सांगितलं होतं. मी गाळणीत पूड दाबून बसवत होते. चांगली जड गाळणी, दांड्यासकट हातोडीएवढी. ती मागून म्हणाली, "आई, आबानं आजीचा हात मोडला होता का?"

"पडली होती ती."

"खोटं बोलून राहिली तू. दारात उभी होती तू, काकू म्हने. मले इतके वर्षं काहून नाई सांगतलं?"

दुसऱ्यांदा विचारलं तिने. बस, एवढंच. दहा सेकंद मला थांबता आलं नाही. मी वळले ती दांडा उगारूनच. नेम तिच्या तोंडाचा होता, बाबा. तिने हात आडवा घातला म्हणून मनगटावर बसला. पूड भिंतीवर उडाली आणि पोरगी हात पोटाशी धरून फरशीवर बसली. मी पुन्हा हात उचलला होता. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तो खाली आला.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाथरूममध्ये पडली मी." आणि मी शेजारी उभं राहून मान डोलावली. खाण तशी माती म्हणतात, ती अशी.

प्लास्टरचा हात घेऊन ती त्याच दुपारी अकोल्याच्या बसमध्ये बसली. जाताना म्हणाली, "आजीसमोर येऊन खरं सांगशील, तवाच मी घरी येईन." आज सकाळी आईचा फोन आला. "पोरगी म्हन्ते पडली. मले नको शिकवा तुमी दोघी. पडनं काय असते, ते मले मालूम हाये." आणि तिने फोन ठेवला. मी परत केला, तिने उचलला नाही.

उद्या पहिल्या बसने मी अकोल्याला जाणार आहे. दोघींना समोर बसवून आधी तुमचं सांगेन, मग माझं. दुसऱ्यांदा उगारलेल्या हाताचंही सांगेन. हा कागद मात्र नेणार नाही. यात एक गोष्ट आहे, ती त्यांना सांगायची माझी छाती नाही, आणि तुमच्याशिवाय ती कुणाला कळणारही नाही, म्हणून तर तुम्हाला लिहायला बसले. दांडा बसला आणि ती ओरडली, त्या मधल्या क्षणात मला बरं वाटलं होतं.