सोबा नाही, उदोन

३ एप्रिल
शेजारी राहायला कोण आलाय? कानामे! अख्ख्या मात्सुए शहरात याला दुसरी खोली मिळाली नाही!

दार उघडलं तर हा उभा, हातात पाकीट. "अरे, मिझुहो! तू इथे राहतेस?" म्हणे. आठ वर्षांत एक फोन नाही. माझी आई आणि त्याचे बाबा दोन वर्षं नवरा-बायको होते, तेवढ्यापुरते आम्ही भाऊ-बहीण. तेही मी चोविशीची, हा सव्विशीचा घोडा! त्यांचा घटस्फोट झाला त्या दिवशी स्टेशनवर मला म्हणाला होता, "आता तू माझी बहीण नाहीस." बरं झालं, म्हटलं आणि गाडीत बसले. गाडीत किती रडले ते फक्त या वहीला सांगते.

आणि पाकिटात काय? उदोन! नव्या शेजाऱ्याने सोबा द्यायचा असतो, कुट्टूच्या बारीक शेवया; शेंबडं पोरही सांगेल. याने गव्हाच्या जाड शेवया आणल्या. वेंधळा तो वेंधळाच.

४ एप्रिल
उदोन खाल्लं. चांगलं होतं, काय करू! तसाही सोबा मला चालत नाही. कुट्टूचं पीठ पोटात गेलं की तोंडाचा भोपळा होतो. एका एकतीस डिसेंबरला घरी सगळ्यांबरोबर खाल्ला होता, तेव्हा यानेच गाडी काढून दवाखान्यात नेलं होतं. पण पुरुषांना काय आठवतंय! आणि दार उघडेपर्यंत आत कोण आहे, हे त्याला कुठे ठाऊक होतं?

९ एप्रिल
आमच्या बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ फळी आहे. तिच्यावर लिहिलंय — 'आणीबाणीत इथे तोडून पलीकडे जावे.' पलीकडे जावं लागेल अशी वेळ वैऱ्यावरही न येवो! देवदाराचे पराग उडाले की हा दिवसभर शिंकतो.
"खिडकी लाव!" मी ओरडले.
"लावली की आतल्या आत शिंकतो. तुला करमेल का?"
घरमालकीण इनुझुकाबाई खालून ऐकत होत्या. हा कोण, म्हणाल्या. "भाऊ लागतो," म्हणून मोकळी झाले.

१४ एप्रिल
भोगा आता! इनुझुकाबाई सकाळीच दारात. "तुमचा भाऊ बस चालवतो ना? माणूस सरळ दिसतो. माझी भाची आहे, फुलं मांडायला शिकवते. रविवारी दोघांची गाठ घालू. तुम्ही बहीण, तुम्हीच विचारा त्याला."
"हो हो, विचारते ना!" मी म्हणाले. का म्हणाले? जीभ कशी झडली नाही माझी!

खरं लिहायचं तर मला तो कोणालाच द्यायचा नाही. आजचं नाही हे, दहा वर्षांचं आहे. झालं, लिहिलं.

१५ एप्रिल
फळीवर टकटक केली. "दादा!" — आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडे काहीतरी फुटलं.
"काय म्हणालीस?"
"दादा. रविवारी मोकळा आहेस का? मुलगी बघायचीय."
तुकडे झाडल्याचा आवाज. मग, "मी जावं असं वाटतं तुला?"
"मला काय करायचंय!"
"बरं. जातो मग." आणि शिंकला.
नालायक! कपबशी फुटली असणार. चांगली महागाची फुटली असू दे.

१८ एप्रिल, शनिवार
कचरा टाकायला गेले. वरच्या मजल्यावरचे शिराइशी आजोबा भेटले.
"तुझ्या भावाला रीतभात आहे हो! सोबा काय सुरेख दिला!"
"उदोन," मी म्हटलं.
"सोबा! दात गेलेत माझे, जीभ नाही."
खालच्या बाईंना विचारलं. सोबा. इनुझुकाबाईंना विचारलं. सोबा. सगळ्या इमारतीला सोबा, एकटीला मला उदोन!

म्हणजे दार उघडायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. "अरे, मिझुहो! तू इथे?" — नाटक्या!

"आता तू माझी बहीण नाहीस." देवा! आठ वर्षं मी त्या वाक्यावर रागावून बसले आणि तो बिचारा मला मागणी घालत होता.

१९ एप्रिल, रविवार
सकाळी पलीकडे सदऱ्याला इस्त्री चालली होती. मी लाथ मारून फळी तोडली.
"अगं, दार होतं ना!" म्हणाला. माझ्या सुजलेल्या पायावर बर्फ धरून बसलाय. हलू देत नाही.