दारापुढं वाजलेलं क्लॅरिनेट

अण्णा, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, पण माझा राग काही शिळा झाला न्हाई. अक्षर तुम्हीच शिकू दिलं न्हाई, म्हणून बापाला शिव्यासुद्धा शेजारच्या सुनेच्या हातानं चिठ्ठीत लिहवून देऊन राहिले.

माझी नात गिटार वाजवते. लातूरच्या चौघांचा रॉक बँड हाय तिचा. वर्षभर खोलीत कोंडून घेऊन त्यांनी पहिला अल्बम काढला. ऐकला कुणी? त्यांच्या आयांनी, तोही पोळ्या लाटता लाटता. मला तर पिठाची गिरणी सुरू झाल्यागत वाटलं. मग दर रविवारी दुपारी नांदेडच्या एका हॉटेलात वाजवायला जायचे, एसटीचं भाडं आन पोटभर जेवणावर. मागच्या रविवारी मीही गेले. पोरगी डोळे मिटून आपलं गाणं म्हणते, समोर लोक मटणाच्या नळ्या चोखतात. एकानं हळदीचं गाणं मागितलं. तिनं न्हाई म्हणून मान हलवली, तसा मालक आला. "गिऱ्हाईक म्हणेल ते वाजवा, न्हाईतर हे वाजवायचे डबे उचला." पोरीनं माझ्याकडं पाहिलं.

मला तुम्ही दिसलात. बँडवाल्याचा लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी. माय सकाळी गेली, तरी तुम्ही दुपारच्या वरातीची सुपारी मोडली न्हाई. देवणीहून मामा यायचा म्हणून माय ओसरीवर ठेवलेली, आन वरात आपल्याच गल्लीतून आली. मयतीच्या दारापुढं बँड मुका होतो, हे तुम्हीच बाकीच्यांना शिकवलेलं. ढोल थांबला, ताशा थांबला, नवरदेवानं घोड्यावरून हात जोडले. तुमचं एकट्याचं क्लॅरिनेट वाजत राहिलं, दार मागं पडेपर्यंत. दारात मी उभी होते, तुम्ही वळून पाहिलं न्हाई. लोक म्हणतात, ते बापाचं रडणं होतं. असेल. मला तर नुसता पक्का सूर ऐकू आला.

म्हणून पोरीला म्हटलं, "उचल डबे." चौघं उपाशीच निघाली. आता ड्रमवाला मोबाइलच्या दुकानात लागलाय, बँड टिकतो का मोडतो कोण जाणे, आन पोरांचं काम घालवलं म्हणून माझा ल्योक, पोरीचा बाप, माझ्याशी बोलत न्हाई. त्या दिवशी एसटीत मी मात्र छाती काढून बसले होते. पोरगी म्हणाली, "आजी, तू माझ्या जागी असतीस तर वाजवून जेवली असतीस का गं?" मी म्हटलं, "थुंकले असते त्या ताटावर."

हे कुठं धाडायचं न्हाई, म्हणून सांगते. माय गेली त्या दिवशी घरात चूल पेटली न्हवती. सांजेला तुम्ही लग्नघरची बुंदी रुमालात बांधून आणली. मी खाल्ली, अण्णा. गोड लागली.