मोठीबाई, मी आणि अठरा डिग्री

२ मे, सकाळ
बायको आज तिच्या बहिणीकडे गेली. मेहुणीचा पाय मोडलाय, प्लास्टर निघेपर्यंत ही तिकडेच. मागच्या अंगणातली बाग आणि चार कोंबड्या माझ्या ताब्यात.

खरं तर हिला सगळं शेजारच्या काकूंवर सोपवून जायचं होतं. (वयाने त्या माझ्याहून लहान आहेत, पण सगळी गल्ली काकू म्हणते म्हणून मीही म्हणतो.) मी म्हटलं, घरात धडधाकट रिटायर्ड माणूस असताना शेजाऱ्यांपुढे हात कशाला पसरायचे? हिने बॅगेची चेन लावली. मग म्हणाली, ठीक आहे, पण परत येईन तेव्हा चौघीही जिवंत दिसल्या पाहिजेत, मोठीबाई तर दिसलीच पाहिजे. एक जरी कमी झाली तर कोंबड्या कायमच्या काकूंकडे, आणि मी मागच्या अंगणात परत पाऊल टाकायचं नाही.

मोठीबाई म्हणजे थोरली तांबडी. पिल्लू होती तेव्हा हिने तिला स्वेटरच्या खिशात घालून वाढवलंय. बाकी तिघींना मी स्टाफ म्हणतो.

उन्हाळ्याची मला फिकीर नाही. थंडावा हा माझाच विषय. उभं आयुष्य एसीच्या कंपनीत काढलं. अकाउंट्समध्ये होतो, पण कंपनी एसीचीच होती.

३ मे
हिच्या सूचना वाचल्या. झाडांना पहाटे पाणी, खुराड्याच्या दाराला ओलं पोतं, पाण्याचं भांडं सावलीत. जुन्या पद्धती. तहान भर दुपारी लागते, मग पाणी पहाटे का? उद्यापासून दुपारी. पोतं घडी घालून माळ्यावर टाकलं. दाराला पोतं लटकलेलं दरिद्री दिसतं.

४ मे, दुपार
टोमॅटोंना पाणी दिलं. पाइप अंगणातच पडून असतो, त्यामुळे पाणी छान गरम येत होतं. मलाही आंघोळीला गरमच लागतं.

संध्याकाळ
टोमॅटो माना टाकून उभे. काकू भिंतीवरून डोकावल्या. म्हणाल्या, भाऊ, तुम्ही टोमॅटो उकडून काढलेत की हो. त्यांची भिंत पांढरी आहे, सगळं ऊन आमच्याकडे फेकते. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्या एकदा भिंतीकडे, एकदा पाइपकडे बघून आत गेल्या. पटलं असावं.

६ मे
आज भयंकर ऊन. मिरच्या गेल्या. काकडीचा वेल गेला. टोमॅटोंवर माझी छत्री उघडून बांधली, ती वाऱ्याने उडाली आणि जाता जाता उरलेलं झाड घेऊन गेली. हरकत नाही. बाग म्हणजे नुसता खर्च. आता सगळं लक्ष कोंबड्यांवर. अटीत टोमॅटोचा उल्लेखच नव्हता.

कोंबड्या दिवसभर चोची उघड्या टाकून उभ्या होत्या. कामाच्या वेळेत जांभया. स्टाफला समज दिली.

७ मे
त्या जांभया नव्हत्या. काकू म्हणाल्या, धापा टाकताहेत बिचाऱ्या, अशाने एखादी पटकन मरेल. मला लगेच अट आठवली. काकूंनी पोत्याचं विचारलं. आता माळ्यावर कोण चढणार? शिवाय पोतं हा काही तोडगा नव्हे. माझ्याकडे बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आहे.

८ मे
कोंबड्या बेडरूममध्ये. एसी अठरावर. अर्ध्या तासात चौघींच्या चोची बंद! खाली वर्तमानपत्रं अंथरली. माणसाने प्रश्नाच्या मुळाशी जावं तर असं.

९ मे
काकूंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, कुठे ठेवल्यात म्हणालात? मग तोंडाला पदर लावून आत गेल्या. कौतुक करणं सगळ्यांना जमत नाही.

मी हॉलमध्ये झोपतो. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर स्टाफ बसतो आणि त्यांचं पोट फार चांगलं चालतं. हॉल तापतो, पण त्याग केल्याशिवाय काही होत नाही.

११ मे
एसीचा रिमोट सापडत नाही. मशीन अठरावर अडकलंय. कोंबड्या पिसं फुगवून एकमेकींना चिकटून बसल्यात. बटणापाशी जाऊन बंद करता आलं असतं, पण मग रिमोटशिवाय परत चालू कसं करणार? असा पुढचा विचार करणारी माणसं कमी असतात.

तूर्त त्यांना माझी रजई दिली. गरम पाण्याची पिशवीही भरून ठेवली. बाहेर डांबर वितळतंय आणि मी कोंबड्यांना शेक देतोय. नियोजन म्हणतात ते हेच.

१२ मे
मोठीबाई नाही.

पलंगाखाली नाही, पडद्यामागे नाही, रजईत नाही. बाथरूममध्ये बघितलं. फ्रिजमध्येसुद्धा. स्टाफला विचारलं. ढिम्म. हिच्या कपाटाकडे वळलो होतो, पण त्याला हात लावायची मला बंदी आहे आणि मी शब्दाला जागणारा माणूस आहे.

हिचा फोन आला. मोठीबाई कशी आहे? म्हटलं, मजेत. तर म्हणाली, तिचा आवाज ऐकव जरा, फार आठवण येते. मी फोन घेऊन पडद्यामागे गेलो आणि दोनदा क्लक क्लक केलं. हिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, घसा बसल्यासारखा वाटतोय, गारव्यापासून लांब ठेव तिला.

फोन ठेवला आणि खरंच रडू आलं. उगाच कशाला खोटं लिहू? एवढीशी होती तेव्हा तिने माझ्या बुटात झोप काढली होती. तेव्हा मी ओरडलो होतो.

१३ मे
काकूंच्या मांजरीवर संशय. तिच्यावर दिवसभर पाळत ठेवली. मांजर आमच्या ओट्यावर आडवी पडून माझ्यावर पाळत ठेवत होती. मोठीबाईचा पत्ता नाही. ओरडून ओरडून माझाच घसा बसला.

१४ मे
एसी बिघडला. आपोआप बंद होतो, चालू होतो, मध्येच तीसवर जातो, मध्येच नुसता पंखा. मेकॅनिकला बोलावलं. त्याला म्हटलं, आपण एकाच लाइनमधले, खरं काय ते सांग, आतलं सर्किट, पीसीबी, गेलंय ना? त्याने पलंगाकडे, कोंबड्यांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, साहेब, मशीन ठणठणीत आहे, कोणीतरी रिमोट दाबतंय.

आणि त्याने हिचं कपाट उघडलं. दार मुळात किलकिलं होतंच.

खालच्या खणात, हिच्या मोज्यांच्या गोळ्यांवर, मोठीबाई! पोटाखाली रिमोट, कधीतरी खाली पडून दाराच्या फटीतून आत गेलेला. जरा इकडे सरकली की तीस, तिकडे सरकली की बंद. मी मेकॅनिकला मिठी मारली. तो म्हणाला, व्हिजिट चार्ज मात्र द्यावा लागेल.

संध्याकाळ
काकू बघून गेल्या. म्हणाल्या, खुडूक झालीय. म्हणजे उबवायला बसलीय, आता अंडी असोत नसोत, मिळेल त्यावर बसून राहणार, मध्येच खायला उठेल तेवढीच. उचलून खुराड्यात टाका म्हणाल्या.

रिमोट काढायला हात घातला तर तिने असा टोचा मारला की बोटाला पट्टी. दुसऱ्या हाताने प्रयत्न केला. आता दोन पट्ट्या.

१५ मे
विचारांती ठरवलं, रिमोट तिच्याकडेच राहू द्यावा. घरातलं टेम्परेचर आता मोठीबाई ठरवते. अनुभवी व्यक्तीच्या हाती अधिकार सोपवणं हे मोठेपणाचं लक्षण आहे. स्टाफ कधी गारठतो, कधी धापा टाकतो, पण तक्रार माझ्यापर्यंत येत नाही.

१६ मे
हॉलमध्ये झोपणं अशक्य. उशी तव्यासारखी तापते. अंथरूण घेऊन रिकाम्या खुराड्यात गेलो. चांगलं ऐसपैस आहे, हिने झाडाखाली बांधून घेतलंय. काय गार जागा! त्यात माझ्या डोक्यात कल्पना आली. दाराला ओलं पोतं लावलं तर? माळ्यावर चढलो, पोतं काढलं, भिजवून टांगलं. आहाहा. असा शोध लावायला थंडाव्याच्या क्षेत्रातलाच माणूस लागतो. काकूंना सांगितलं. त्यांनी परत तोंडाला पदर लावला.

१७ मे
झोप उत्तम. सकाळी काकूंनी भिंतीवरून चहा दिला. तो खुराड्यातच बसून प्यायलो. गल्लीतली माणसं उगाच थांबून बघतात.

१८ मे
ही आली. न सांगता. काकूंनी फोन केला होता म्हणे.

मी खुराड्याच्या दारातून वाकून बाहेर आलो आणि लगेच म्हटलं, चौघी जिवंत आहेत, मोजून घे. ही बेडरूममध्ये गेली. मग मोठीबाईला काखोटीला मारून बाहेर आली. मोठीबाई गुपचूप बसली होती, टोचा नाही, काही नाही. दुसऱ्या हातात रिमोट. एवढंच विचारलं, तू कुठे झोपतोस? मी खुराडं दाखवलं, पोत्याची सिस्टीम समजावून दिली. ही बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटतं हसलीच.

अट मी पाळली, हे तिने मान्य केलं. अगदी तोंडाने मान्य केलं. मग म्हणाली, तरी कोंबड्या काकूंकडेच जातील. का, विचारलं तर म्हणाली, अट घालताना तू काय काय करशील याचा मला अंदाज नव्हता, चुकलं माझंच.

२० मे
ही परत बहिणीकडे गेली. प्लास्टर निघायला वेळ आहे. कोंबड्या काकूंच्या परसात, खुराड्यासकट. मागच्या दाराची किल्लीही काकूंकडे. बेडरूमला रंग द्यावा लागेल, तोवर ती बंद. म्हणून माझं जेवण आणि झोपणं काकूंच्या ओसरीवर लावून दिलंय. तात्पुरतं. तिथे राहून काकूंच्या कामावर देखरेख ठेवता येईल, असं मला वाटतं हिच्या मनात असावं.

दुपारी काकूंना काही सुधारणा सुचवल्या. त्यांनी माझी खुर्ची उचलून सावलीत ठेवली आणि तांब्याभर पाणी दिलं.

संध्याकाळी त्यांनी हिला फोन लावला. मी जवळच होतो. चौघी छान आहेत म्हणाल्या, दाणे संपवले, पाणी प्यायल्या, उन्हात गेल्या नाहीत. मग माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाल्या, यांचंही तसंच, फक्त भाजी ठेवली ताटात. फोन घ्यायला मी हात पुढे केला होता. तोवर बोलणं संपलंही होतं, आणि काकू मला लवकर आत या म्हणत होत्या, दार लावायचं होतं.