खालच्या फळीवरची मशीनं

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण चार दिवस मी स्वतःला शोधायला गेलो होतो. आधी हसून घे, मग पुढे वाच.

कारखाना थोरल्याने हाती घेतल्यापासून मी ऑफिसात नुसता शोभेला बसतो. येणारा मला नमस्कार करतो आणि काम त्याला सांगतो. सूनबाईला दया आली, तिने माझं नाव एका शिबिरात घातलं. आपण कशासाठी जगतो, ते तिथे चार दिवसांत कळतं म्हणे. सकाळी मौन, दुपारी वही. तिसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, की डोळे मिटा आणि आत काय ऐकू येतं ते लिहा. लोकांनी पानंच्या पानं भरली. एक बँकेतले साहेब तर हुंदके देत होते. मला ऐकू आलं ते एवढंच, की डावीकडच्या तिसऱ्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. तेच लिहिलं. सरांना वाटलं मी त्यांची टर उडवतोय. पंखा आमच्याच कारखान्याचा होता, हे मात्र मी गिळून टाकलं.

खरा काटा पुढे आहे. जेवताना शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी कारखान्याचं सांगत होतो, एका खोलीपासून तीनशे माणसांपर्यंत कसा आलो ते. मध्येच त्यांना आपल्या बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता कळला आणि माझे पंखे तिथेच बंद पडले. मशीनवाल्या भाऊंचे तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. मेहुणा, म्हणालो. मग पाऊण तास भाऊजी. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ दातांत धरून ते बिघाड कसा ओळखतात, लांबून लांबून लोक कसे येतात. ज्या माणसाला दारावरची घंटा ऐकू येत नाही, त्याचं हे कौतुक मी आमटीबरोबर खाल्लं. बाबा मशीनला कान लावायला कोणाला बोलवायचे, हे त्या बाईंना कुठे ठाऊक?

असो. माझ्या मनात एक चांगली गोष्ट आली आहे. भाऊजी आता सत्तरीला आले. दुकान बंद करा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांना सावलीतली खुर्ची देतो. त्या बाकावर वाकून पाठ किती मोडून घ्यायची?

बाकावरचा दिवा अजून तोच आहे का?

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
कानसेन

—

दि. ११ मार्च

चि. कानसेन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र यांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा दुकानात मशीन चालू होतं, त्यामुळे ते नुसते मान डोलावत राहिले. दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की स्टोअरमध्ये बिघडलेलं काही असतं का. मी म्हटलं, तिथे सगळं कोरं असतं. मग ते चहा प्यायले आणि कामाला गेले. तुझ्या चांगल्या गोष्टीचं झालं ते एवढं.

पण माझं डोकं काही थांबेना. बिस्किटांच्या डब्यातली तुझी गेल्या वर्षाची पत्रं काढली आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. अकरा पत्रं. माझ्या गुडघ्यांची चौकशी दोन पत्रांत. बाकावरच्या दिव्याची अकराही पत्रांत. स्टूल डुगडुगतं का, बाबांची तेलाची कुपी कुठे ठेवता, रोज किती मशीनं येतात, अवघड एखादं आलं का, ते यांना जमलं का. जमलं असं कळवलं, की पुढचं पत्र महिनाभर नाही. जमलं नाही म्हटलं, की आठ दिवसांत.

लाल खुणांसकट ती अकराही पत्रं सोबत परत पाठवते आहे. शिबिरात वही भरली नाहीस म्हणे. ही भरलेलीच आहे, निवांत वाच. माझी म्हणून नको, तिऱ्हाइताची म्हणून वाच.

गुडघे बरे आहेत.

रागावलास तरी पत्र धाडत जा.
तुझी ताई

—

दि. १९ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो होतो, म्हणून आठ दिवस गेले. लहान भावाची पत्रं मास्तरणीसारखी तपासायची, ही कुठली रीत? बाबांकडे चुगली करण्याची तुझी सवय गेली नाही, ते नाहीत तर माझ्याकडेच केलीस.

पण वाचली. तिऱ्हाईत म्हणून वाचली, तर हा पत्र लिहिणारा गृहस्थ मला भारी मत्सरी वाटला.

ऑफिसला मी मोठ्या हौसेने दुहेरी काच लावून घेतली होती. खाली दीडशे यंत्रं चालतात आणि वर चमचा पडला तरी दचकायला होतं. आलेल्या माणसाला मी ती शांतता दाखवायचो. तू धाडलेली ती पत्रं तिथेच वाचली आणि लक्षात आलं, की मला नऊ वर्षांत एकाही यंत्राचा आवाज ऐकू आलेला नाही. शिबिरात तो पंखा खडखडला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे वहीत लिहायला हवं होतं.

तर कबूल करतो. भाऊजींच्या पाठीची मला कसलीही काळजी नाही. त्या स्टुलावर ते बसलेले मला बघवत नाहीत. बाबांनी मला तीनदा राहा म्हटलं होतं, मीच गेलो. स्टूल कुणी हिसकावलं नाही. हिसकावलं असतं तर भांडता तरी आलं असतं. रिकामं होतं म्हणून बाबांचा टायपिस्ट जावई येऊन बसला, शिकला आणि माझ्याहून मोठा झाला. मी तीनशे माणसं पोसतो आणि एका स्टुलावर जळतो, हे सूनबाईला सांगू नकोस.

खुर्चीचं मागे घेतो. भाऊजींना काय सांगायचं ते तूच ठरव.

माझी लाज राखून माया कर.
कानसेन

—

दि. २६ मार्च

चि. कानसेन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यांना सगळं पत्र वाचून दाखवलं. लाज राखायला तू उशिरा सांगितलंस, ती ओळ शेवटी होती.

ते रागावले नाहीत. मला हाताला धरून दुकानात नेलं आणि खालच्या फळीवरचं कापड उचललं. मी तिथे रद्दी असेल समजत होते. पाच मशीनं निघाली. प्रत्येकाच्या मुठीला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तुझं नाव. थरथर दातांना कळते, म्हणाले, पण काही बिघाड थरथरत नाहीत, नुसते कुजबुजतात. तसलं मशीन आलं, की ते गिऱ्हाइकाला दुसरं देतात आणि हे तुझ्यासाठी ठेवतात. तुला बोलवायचा मात्र धीर झाला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला बिघडलेल्या मशीनसाठी कसं बोलवायचं, असं त्यांना वाटे. शिवाय, हे ते दुसरीकडे बघत म्हणाले, तू आलास आणि तुला चटकन कळलं, तर ते सोसवलं नसतं. बाबा शेवटपर्यंत तुझ्याच कानाचं कौतुक सांगायचे. तीस वर्षं त्या कानांचा हेवा करत यांनी काम केलं आहे.

आता कामाचं. लेकीचे दिवस भरत आले, मी दीड महिना तिच्याकडे चालले. दुकानात घंटा ऐकायला कुणी नाही. तू ये. उपकार म्हणून नको. स्टूल दुसरं आणावं लागेल, ते तुझं तू आण.

निघताना कळव.
तुझी ताई

—

दि. २२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नात झाल्याची तार नाही तर निदान फोन तरी भाऊजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने करायचास. मी ऐकला आणि त्यांना सांगितला, तर बातमी आधी मला कळली म्हणून ते दिवसभर फुगून होते.

दुकान ठीक. दिवा तोच आहे, मी पुसला. घंटा मी ऐकतो, गिऱ्हाइकाशी मी बोलतो आणि तरी येणारा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून विचारतो, की भाऊ आहेत ना. सवय होईल.

खालच्या फळीवरची चार मशीनं मी कानानं सोडवली. दर वेळी भाऊजी हात पुसत उभे राहिले, मान डोलावली आणि बाहेर फेरी मारून आले. ती फेरी कसली, ते मला बरोबर कळतं. पाचव्याला मी शपथेवर सांगितलं, की शटल घासतंय. त्यांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, डोळे मिटले आणि चाकाजवळच्या दांड्यावर बोट ठेवलं. उघडलं. दांडाच होता. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, पण त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

शिबिराच्या सरांचं पत्र आलंय, मला माझा उद्देश सापडला का म्हणून. काय लिहू? सकाळी सात वाजता जिना उतरताना पाय आपोआप भरभर पडतात, एवढंच सांगता येईल. हेवा होता तिथेच आहे. फक्त आता तो शेजारच्या स्टुलावर बसतो आणि अर्धा चहा मला देतो.

काल ते जेवायला गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर दातांत धरून पाहिला. मला काहीच कळलं नाही. दाढ मात्र सकाळपासून ठणकते आहे. त्यांना सांगू नकोस.

बाळाला पापा. तू परत आलीस तरी मी इथेच असेन, तेव्हा माया जपून वापर, दोघांना पुरायला हवी.
तुझा,
कानसेन