स्टिअरिंगला टांगलेलं झाकण

प्रिय आर्विड,

शनिवारी तू फार्गोहून बाबांना न्यायला येणार. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून लिहितेय.

आजोबांच्या ट्रॅक्टरचं तुला ठाऊकच आहे. आपला कुत्रा बस्टर ते न गोठणारं गोड हिरवं पाणी चाटून मेला, तेव्हापासून बाबा रेडिएटरमध्ये साधं पाणीच घालतात आणि थंडीत काम संपलं की खालच्या तोटीतून सोडून देतात. रेडिएटरचं झाकण स्टिअरिंगला टांगलेलं दिसलं, की इंजिन रिकामं. त्या खुणेवर आपण कधी शंका घेतली नाही.

सोमवारी सकाळी इंजिनच्या ब्लॉकला बोटभर भेग पडलेली दिसली. आतल्या पाण्याचा बर्फ झाला होता आणि झाकण स्टिअरिंगला लटकत होतं. बाबांनी झाकण काढून हातात घेतलं. मग हळूच म्हणाले, "सिग्ने, झाकण मी टांगलं आणि पाणी सोडलंच नाही. टांगल्याचंही आठवत नाही गं." शेजारचे क्लिफर्डकाका म्हणाले, "आता तुझंच झाकण टांगून ठेव, म्हाताऱ्या." बाबा हसले. दुपारी त्यांनी गाडीच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या आणि 'मला घेऊन जा' म्हणून तुला फोन केला. आजी शेवटी कुणालाच ओळखत नव्हती, त्याचीच धास्ती त्यांनी घेतलीय. रोज सकाळी ते मला वार विचारतात आणि मी सांगेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

झाकण मी टांगलं होतं, आर्विड. रविवारी ते खुर्चीत डुलकी घेत होते, म्हटलं आपण मदत करावी. तोटी उघडली, पाणी आलं, थांबलं. संपलं असं वाटलं. तोटी गंजाच्या गाळाने तुंबते, म्हणून बाबा दरवेळी तार घालून बघतात. मी लहानपणापासून बघत आले, पण तार घातली नाही. घरातली पहिली पदवीधर, तीही शेतकीची. पहिल्या दिवशी "झाकण मी टांगलं" म्हणायला तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची लाज आड आली. कॉलेजात मी खरेपणावर किती बोलायचे.

ट्रॅक्टर गेला त्याचं त्यांना फारसं वाटणार नाही. चार दिवस मी त्यांना स्वतःच्या डोक्याला घाबरू दिलं, ते कळल्यावर ते माझ्याकडे कसे बघतील, याचीच मला भीती वाटते. म्हणून हे पत्र लिहून काढलंय. आता स्वयंपाकघरात जाऊन ते आधी बाबांनाच वाचून दाखवणार आहे आणि टपालपेटीत टाकायला त्यांच्याच हाती देणार आहे. तुला मिळालं, तर समज की मी वाचलं.

तुझीच,
सिग्ने