पहिलीच्या वर्गातले आठ टॅब

प्रिय धाकटे,

फोन करता आला असता, पण फोनवर मी मुख्याध्यापिकेसारखी बोलते, असं तूच एकदा सुनावलं होतंस. म्हणून कागद घेतला.

परवा तुझ्या जुन्या पहिलीच्या वर्गात तासभर बसले. बत्तीस मुलं, बत्तीस टॅब, बत्तीस हेडफोन. पेन्सिल पळवली म्हणून कुणी रडत नव्हतं, कुणी कुणाची चहाडी करत नव्हतं. पूर्वी असा वर्ग मी पाहुण्यांना मिरवून दाखवायची. परवा मात्र बसवेना. एका मुलानं काहीतरी दाखवायला शेजारणीला कोपरानं ढोसलं, तर तिनं मान वर न करता हेडफोन घट्ट दाबून धरला.

तू आठच टॅब मागितले होतेस. चौघांत एक, तोही दिवसातून वीस मिनिटं. पहिला आठवडा तर ते चालूच केले नाहीस. दोन्ही हातांनी धरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, हिसकायचा नाही, एवढंच शिकवलंस. तुमचा टॅब अजून रांगतोय वाटतं, अशी मी सगळ्यांदेखत तुझी टर उडवली. बाकीच्या बाई हसल्या. तूही हसलीस, पण डबा अर्धा ठेवून उठलीस. पुढे मुलं मातीचे प्राणी करायची, त्यांचे फोटो काढायची आणि आपल्याच आवाजात त्यांची गोष्ट टॅबमध्ये भरायची. वर्गात नुसता कल्ला असायचा. मी दार लावून घ्यायची.

त्यातच तुझी ती हळूबाई. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी. एके दिवशी ती टॅब घेऊन कपाटामागे गेली आणि तिनं पोहायला घाबरणाऱ्या बदकाची अख्खी गोष्ट सांगितली. तू धावत माझ्याकडे आलीस. मी संस्थेच्या लोकांशी फोनवर होते, नंतर ऐकते अशी खूण केली. तू थोडा वेळ दारात थांबलीस आणि गेलीस. ते नंतर कधी आलंच नाही.

संस्थेला प्रत्येक मुलाच्या हातात टॅब हवा होता, तोही तयार धड्यांसकट. मी एका दमात हो म्हटलं. तू एवढंच म्हणालीस, "ताई, मला हे एक वर्ष दे. मग तू म्हणशील तसं." मी दिलं नाही. सुट्टी लागताच तू राजीनामा ठेवलास आणि गाव बदललंस. आईला मी सांगितलं, धाकटी हट्टी आहे.

गेल्या आठवड्यात हळूबाईची आई दाखला मागायला आली. ती शिवणकाम करते, दुसऱ्या गावी काम मिळालंय. मुलगी आता तिसरीत आहे, वर्गात पुन्हा तोंड उघडत नाही. निघताना आई संकोचून म्हणाली, "पोरगी म्हणते, माझा आवाज शाळेत ठेवलाय. तेवढा मिळाला तर बघा." मी बघते म्हटलं.

बघायला काही नव्हतंच. टॅबवाल्या माणसाच्या हातून नवे धडे भरताना सगळं चुकून पुसलं गेलं, असं मी तुला सांगितलं होतं. तू त्याचा नंबर मागितलास, तर तो काम सोडून गेला, असं मी म्हणाले. धाकटे, त्यानं मला विचारलं होतं. बाई, यात मुलांचे आवाज आहेत, काढून ठेवू का, अर्धा तास लागेल. अकराला पाहुणे यायचे होते. मीच म्हणाले, पुसून टाक. दोन वर्षं तू त्या बिचाऱ्याला बोल लावलास आणि मी लावू दिला.

काल दाखला द्यायच्या वेळी मी तिच्या आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, पोरगी बाहेर बसलीये, तिला तुम्हीच सांगा. मी बाहेर जाऊन बाकावर तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. चपलेचा पट्टा ओढत राहिली. मग तिनं एकच विचारलं, तेही इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं. "आमच्या बाईंना माहितीये?"

नाही म्हणाले. आणि घरी येऊन तुला हे लिहायला बसले.

तुझीच,
ताई