माझ्या पास्कलात दिराचं असेंब्ली

१२ ऑक्टो.
दीर आला पुण्याहून. प्रमोद. दिवाळीपर्यंत मुक्काम. आल्या आल्या आमच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर. तिथल्या कॉम्प्युटरवरचा माझा पास्कल भाषेतला प्रोग्रॅम उघडून हसला. "वहिनी, यादी किती हळू येती हो! मधी थोडं असेंब्ली घालू, थेट मशीनच्या भाषेतलं?" घाल म्हटलं. लग्नानंतर मी एकटीनं लिहिलेला. घरातल्या कुणी आजवर उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

१३ ऑक्टो.
झालं त्याचं. asm ते end, एवढुसा तुकडा. बटण दाबलं की गाड्यांची यादी पटकन समोर. सासऱ्यांचे अख्ख्या कळंबला फोन, "प्रमोदनं काटा सुधारला." अन् इतकी वर्षं चालवला कुणी? जळते मी. हो, जळते. इथं तरी खोटं कशाला लिहू.

१६ ऑक्टो.
सोयाबीनची गर्दी. एका ट्रॉलीचं रिकामं वजन भरल्यापेक्षा जास्त! शेतकरी भडकला, "ताई, माझं सोयाबीन गेलं कुठं?" रिकामी पुन्हा तोलून, भरलेलं वजन कालच्या पावतीवरनं घेऊन हातानं पावती दिली. सासरे म्हणतात, "तुझ्या जुन्या प्रोग्रॅमचंच काहीतरी असंल." माझ्या!!

१७ ऑक्टो.
सापडलं. डेटा कुठं ठेवलाय ते DS सांगतो. प्रमोदनं तुकड्यात DS बदलला अन् परत जागेवर ठेवलाच न्हाय. शेजारणीचं पातेलं नेऊन विसरावं तसं. मग माझं पास्कल वजनं भलतीकडं शोधतं. आजच्या यादीला चालतं, कालची काढली की गोंधळ. गर्दीत गाडी रात्रभर मोंढ्यातच, धान्याच्या बाजारातच थांबते, रिकामी तोलतात दुसऱ्या दिवशी, मग भरलेलं वजन कालच्या यादीतनं काढावं लागतं, हे पुण्यात कुणाला ठाऊक?
लई बरं वाटलं. मग लाज. थोडीच.
push ds, pop ds, दोनच ओळी घातल्या: आधी DS जपून ठेवायचा, शेवटी परत जागेवर. लोकांच्या मालाचा प्रश्न. सांगितलं कुणाला न्हाय. म्हणतील जळती म्हणून सांगती. अन् खरंच की.

२० ऑक्टो.
मोंढ्यातले व्यापारी काटा बघायला आले. प्रमोदनं मुद्दाम कालची यादी काढली, जुनीसुद्धा कशी पटकन येती ते दाखवायला. सगळं चोख. सासरे त्यांना, "घरात एक तरी डोकं निघालं बघा." चहा मी दिला.
जाता जाता प्रमोद, "वहिनी, त्या दिवशीचा घोळ आपोआप मिटला की!"
आपोआप.
उद्या मुरुम गावचे व्यापारी येणार, त्यांनाही कालचीच यादी दाखवणार म्हणे. काट्याची किल्ली माझ्याकडं असती. माझ्या त्या दोन ओळी काढायला असा कितीसा वेळ